दाखल क्रमांक १२१७

एक जुनी पेटी बघायला आलेल्या आजी आमच्या संग्रहालयातल्या बाकावर बसल्या होत्या आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

पाऊण तासापूर्वी मीच ऐटीत म्हणाले होते, "बसा आजी, आत्ता काढून आणतात." ऐटीला कारणही होतं. दाखल नोंदवहीत, म्हणजे संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू क्रमांकानं टिपायच्या वहीत, मला ओळ सापडली होती. ‘१२१७. पेटी, लाकडी, आरशासह. नग १.’ पुढे देणाऱ्या गृहस्थांचं नाव, त्याखाली गाव. मी नाव वाचून दाखवलं तशा आजी म्हणाल्या, "हे माझ्या आईचे चुलते." नोंद तीसच्या दशकातली, टाकानं लिहिलेली, अक्षर मोत्यासारखं. यापेक्षा आणखी काय हवं?

स्टोअरच्या मामांना मी चिठ्ठीवर क्रमांक लिहून दिला. मामा चष्मा कपाळावर सरकवून गेले ते गेलेच. चहा झाला. आजींच्या नातवानं दालन एकदा बघितलं, मग दुसऱ्यांदा बघितलं, मग मोबाइल काढला. आजींनी पिशवीतून डबा काढला आणि शेंगदाण्याचा लाडू माझ्यापुढे धरला. "घ्या हो बाई. तुम्हीपण मघापासनं उभ्याच आहात." तो लाडू माझ्या घशाखाली उतरता उतरेना.

मामा आले ते ४७ मिनिटांनी. हातात पेटी आणि शर्टभर जळमटं. "मोठ्या ट्रंकेत होती मॅडम. तळाला. वर सगळ्या झेंड्याच्या काठ्या."

रोममध्ये इक्रोम नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जगभरच्या वारसावस्तूंच्या जतनाचं प्रशिक्षण देणं हे तिचं काम. संग्रहालयांच्या कोठारांची घडी बसवायची तिची एक पद्धत आहे, तिला री-ऑर्ग म्हणतात. कोठार ठीक चाललंय की नाही हे ठरवायच्या त्यात १० कसोट्या आहेत. त्यातली एक अशी, की प्रत्येक वस्तूला तिची ठरलेली जागा असावी आणि कुठलीही वस्तू तीन मिनिटांत सापडावी. तीन! प्रशिक्षणात हे ऐकताना मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या. त्या दिवशी आमचा निकाल ४७ लागला.

मी एका इतिहास संग्रहालयात संग्रह विभागाची प्रमुख आहे. नणंदेला कुणी विचारलं तर ती "वहिनी जुनं पितळ पुसतात" असं सांगते आणि त्यात फारशी चूक नाही. लोकांना संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांची रांग वाटते. पण बहुतेक संग्रहालयांत जे दिसतं ते हिमनगाच्या टोकाएवढंच. बाकीचं कुलपात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २० हजारांच्या घरात वस्तू आहेत, आणि दालनांत एका वेळी त्यातला लहानसा भागच मांडता येतो. माझी नोकरी त्या उरलेल्या, न दिसणाऱ्या वस्तूंची. त्या टिकवायच्या आणि त्या आहेत हे लोकांना कळूही द्यायचं. ही दोन्ही कामं एकमेकींच्या सवती आहेत, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आमच्या कोठारात हा गोंधळ का झाला याचं उत्तर एका माणसावर ढकलता येणार नाही. आपल्याकडची बरीच संग्रहालयं एकेका झपाटलेल्या माणसाच्या पायपिटीतून उभी राहिली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतली जुन्या कागदांची दप्तरं मिळवत राहिले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. साताऱ्यात इतिहाससंशोधक पारसनिसांनी आयुष्यभर जमवलेल्या कागदपत्रांचं आणि चित्रांचं १९२५ मध्ये संग्रहालय झालं, ते पुढे १९३९ मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात आलं. केळकर तर कवी, अज्ञातवासी नावानं लिहिणारे. त्यांनी आणि कमलाबाईंनी दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू घरोघरी जाऊन गोळा केल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो अख्खा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तलवारी, तोफा जमवणारे पुष्कळ होते. पाय घासायची वज्री जपून ठेवावी असं वाटणारा माणूस वेगळ्या मातीचा असतो.

आमचे संस्थापक एवढे मोठे नव्हते, पण जात तीच. अशा माणसाला नोंदवहीची फारशी गरज पडत नाही, कारण तो स्वतःच नोंदवही असतो. कुठल्या वाड्यातून काय आणलं, कोणी रडत दिलं, कोणी चार आणे जास्त मागितले, सगळं तोंडपाठ. वहीत लिहायचं ते आपलं हिशेबापुरतं. ‘पेटी, लाकडी, आरशासह.’ बाकीचं डोक्यात. आणि मग एक दिवस ते डोकं जातं.

त्यांच्या पश्चात आमच्याकडे तीनदा मोजदाद झाली आणि दर वेळी मोजणाऱ्यांनी आपले नवे आकडे टाकले. त्यामुळे एकाच समईला तीन क्रमांक आणि एकाच क्रमांकाच्या दोन समया, असा प्रकार. एका ढालीच्या दर्शनी बाजूला तर पांढऱ्या ऑइल पेंटनं क्रमांक घातलाय, एसटीच्या पाटीवर गावाचं नाव घालतात तसा. खरी पद्धत अशी, की वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर द्यायचा, तो सुकला की त्यावर बारीक अक्षरात क्रमांक लिहायचा, वर पुन्हा एक थर. उद्या काढायचा झाला तर असिटोनच्या बोळ्यानं निघतो, वस्तूला धक्का लागत नाही. कापडावर लिहायचंच नाही. सुती नाडीवर क्रमांक लिहून ती नाडी चार सैल टाक्यांनी शिवायची. आमच्याकडे एका शालीच्या काठावर बॉलपेननं क्रमांक लिहिलेला आहे. ते अक्षर कोणाचं आहे हे मला ठाऊक आहे, पण ते गृहस्थ आता हयात नाहीत, तेव्हा सोडा.

आणि मी तरी कुठली धुतल्या तांदळाची? नोकरीला लागले त्या वर्षी जुन्या मोडी लिपीतला एक कागद माझ्या हाती आला. जाड, हातकागद, घडीच्या खाचेत अजून शाई वाळवायला भुरभुरलेली वाळू चमकत होती. वरच्या बाजूला चिखलाचा वाळका डाग. मला वाटलं, ओलसर कापसानं हलकेच टिपून घ्यावा. टिपला. डाग गेला आणि त्याबरोबर माथ्यावरच्या ‘श्री’ची वेलांटीही कापसावर आली. काळीभोर. आपली जुनी शाई काजळी आणि डिंक यांची. काजळी उन्हात शंभर वर्षं ठेवलीत तरी फिकी पडत नाही, पण डिंक पाण्याचा थेंब लागला की सुटतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. तो कापसाचा बोळा मी कित्येक वर्षं टेबलाच्या खणात डबीत ठेवला होता.

म्हणून पावसाळा आला की आमच्या जिवाला घोर. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हाच्या भिजलेल्या वाड्यांच्या आणि दप्तरांच्या आठवणी पुण्यातली जुनी माणसं अजून सांगतात. चिखलातून रुमाल बाहेर काढायचा, सोडायचा, आणि आत कागद आहेत पण अक्षरं वाहून गेलेली, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं. (रुमाल म्हणजे दप्तर बांधायचं चौकोनी फडकं. नव्या मुलांना खिशातला आठवतो.) कोठारात जमिनीवर काही ठेवायचं नाही, सगळ्यात खालची फळीसुद्धा वीतभर वर, हा नियम मी पहिल्याच महिन्यात केला. त्यावरून बरीच कुरबूर झाली, कारण जमिनीवर जे होतं ते फळीवर मावेना. मग झेंड्याच्या काठ्या, मोडक्या खुर्च्या, जुनी निमंत्रणपत्रं, कुठल्याशा समारंभाचा फ्लेक्स हे सगळं आधी बाहेर काढावं लागलं. कोठारातली निम्मी अडगळ संग्रहालयाची नव्हतीच, ती कार्यालयाची होती.

कसर आणि वाळवी या दोघींशी तर रोजचं वैर. पूर्वीचे लोक दप्तरात वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा पाला ठेवत. आम्ही वेखंडाच्या पुरचुंड्या अजून ठेवतो, पण भरवसा त्यांच्यावर नाही. भरवसा झाडूवर, टॉर्चवर आणि दर सोमवारच्या फेरीवर. बाहेरून आलेली लाकडाची किंवा कापडाची वस्तू थेट आत घेत नाही. आधी वेगळ्या खोलीत, कागदावर ठेवून, खाली लाकडाचा भुगा पडतोय का ते बघत बसायचं. पडला तर प्लास्टिकमध्ये हवाबंद करून एक-दोन आठवडे उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये. पहिल्यांदा एक पाळणा असा गुंडाळला तेव्हा मामा म्हणाले, "मॅडम, बाळंतिणीला ऊब देतात, तुम्ही पाळण्याला गारठवताय."

मामांबद्दल एक सांगायलाच हवं. मला येऊन दोन-तीन महिने झाले होते आणि खंडेनवमी आली. मामा आणि इतर कर्मचारी दरवर्षी तलवारींची पूजा करत. हळद, कुंकू, झेंडूच्या माळा. मी जाऊन बघते तो दांडपट्ट्याच्या पात्याला आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून घासलेलं, चकाचक. पात्यावरची जुनी काळसर झाक गेली होती. ती झाक नुसती घाण नसते. लोखंडाचं ते एक प्रकारे कातडंच. मी रागावले नाही असं म्हणणार नाही. पण पूजा बंद करा असं सांगायची माझी छाती नव्हती आणि इच्छाही नव्हती. ज्या वस्तूला हात जोडावेसे वाटतात तिची काळजी तरी हा माणूस घेईल, असा माझा हिशेब. पुढच्या वर्षी मी मधला मार्ग काढला. तलवारी कपाटात, दार उघडं, समोर पाट. पाटावर कोठाराच्या किल्ल्यांचा जुडगा, स्क्रूड्रायव्हरांचा संच, हवेतली ओल शोषणारं यंत्र आणि दाखल नोंदवही. हळदकुंकू त्यांना. मामांनी नोंदवहीच्या पुठ्ठ्यावर एक बोट कुंकू लावलं आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. तो ठिपका अजून आहे.

दाखवण्याचा भाग याहून अवघड. प्रकाश हा संग्रहालयातला सगळ्यात सभ्य चोर. तो रोज थोडं थोडं नेतो आणि नेलेलं परत देत नाही. कापड, रंगीत चित्रं यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर प्रकाश नको असा दंडक आहे, म्हणजे संध्याकाळी माजघरात असतो तेवढा. आमच्याकडे एक कुसुंबी पागोटं आहे. कुसुंबी म्हणजे करडईच्या फुलांचा रंग, मोठा नाजूक. कित्येक वर्षं ते खिडकीसमोरच्या कपाटात होतं. वरून बघाल तर मळकट, चहा सांडल्यासारखं. दुरुस्तीसाठी एकदा एक पीळ जरासा सैल केला आणि आतून गुलाबी रंग असा बाहेर आला, की आम्ही तिघेही गप्प झालो. सबंध पागोटं कधीकाळी तसं होतं. आता ते तीन महिने बाहेर आणि मग दीर्घ रजेवर असतं. त्याच्या जागी फोटो लावतो आणि लिहितो, ‘मूळ वस्तू विश्रांतीसाठी काढली आहे’. त्यावर अभिप्राय वहीत एकानं लिहिलं, ‘आम्हालाही अशी नोकरी द्या.’ आणि उजेडाबद्दलची तक्रार तर रोजची. "मॅडम, तिकीट काढून आलोय, लाइट तरी लावा."

त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. अंधारात ठेवलेली वस्तू टिकेल, पण कोणासाठी? मुंबईच्या संग्रहालयाची गोष्ट मला म्हणून आवडते. आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ ला पाया, १९१४ पर्यंत इमारत उभी, आणि मग पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ. वस्तूंच्या आधी माणसं दाखल झाली. लोकांसाठी दारं उघडली १९२२ मध्ये. त्याच संग्रहालयानं २०१५ पासून वातानुकूलित बसमध्ये छोटं प्रदर्शन मांडून ती गावोगाव, शाळाशाळांत न्यायला सुरुवात केली. आम्हाला बस परवडत नाही. आम्ही एका मोठ्या पेटीत प्रतिकृती, तुटक्या विटा, एक खरं जातं आणि मोडीचे कित्ते घालून ती शाळेत नेतो. जातं मुलं तोडतील असं कार्यालयाला वाटत होतं. जातं कसं तुटेल हे मात्र कोणी सांगेना.

पाट्या लिहिणं हे या सगळ्यात मला सर्वांत जबाबदारीचं काम वाटतं, आणि त्यासाठी मराठीनं आपल्याला एक फार कामाचा शब्द देऊन ठेवलाय. ‘म्हणे’. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या बोलीवर. रांगा लागल्या. त्या वाघनखांच्या पेटीवर इंग्रजीत लिहिलंय, की ही शिवाजी महाराजांची आणि ती ग्रँट डफला तो साताऱ्याचा रेसिडेंट (ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी) असताना मिळाली. डफ तिथे रेसिडेंट होता तो १८१८ ते १८२२. अफजलखानाचा वध १६५९ चा. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांचा दाखला पेटी देत नाही आणि ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. मला विचाराल तर यात कोणाचा अपमान नाही. मीही त्या रांगेत उभी होते आणि काचेजवळ पोचल्यावर अंगावर काटा आलाच. पण तो काटा माझा, आणि नोंदवही वस्तूची. नोंदवहीत ‘म्हणे’ लिहायला लाजायचं नाही. आमच्याकडे ‘पानिपतावरची’ म्हणून आलेल्या तलवारी एवढ्या आहेत, की त्या सगळ्या खऱ्या धरल्या तर तिथून कोणी रिकाम्या हातानं परतलाच नाही असं म्हणावं लागेल. त्या पाटीवर आम्ही आता लिहितो, ‘देणाऱ्या घराण्यात ही पानिपतच्या लढाईतील असल्याचं सांगितलं जाई.’ एका दात्याच्या पणतूनं त्यावरून मला फोनवर चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं. पाटी बदलली नाही.

हल्ली कोणी भेटलं की म्हणतं, "सगळं स्कॅन करून टाका ना ऑनलाइन, प्रश्न मिटला." पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांसाठी केलेलं एक सॉफ्टवेअर आहे, त्याचं नाव ‘जतन’. नाव वाचूनच मला माया लागली. देशातल्या मोठ्या संग्रहालयांच्या हजारो वस्तू त्यातून लोकांना घरबसल्या बघता येतात. काम मोलाचं आहे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. दोनशे वर्षांचा संग्रह, त्यातला बराचसा एका रात्रीत राख. दुसऱ्या दिवसापासून तिथले विद्यार्थी लोकांकडे हात पसरत होते, तुम्ही कधी फोटो काढले असतील तर पाठवा. हे वाचल्यावर त्या आठवड्यात मी स्वतः आमच्या कोठाराची वायरिंग तपासायला माणूस आणला आणि मग कॅमेरा.

पण फोटो काढणं हे निम्म्याहून कमी काम. आमच्याआधी एकदा असा प्रकल्प होऊन गेला होता. त्याची हार्ड डिस्क मला मिळाली, त्यात चार हजारांवर फोटो आणि प्रत्येकाचं नाव कॅमेऱ्यानं दिलेला आकडा. कुठला फोटो कुठल्या वस्तूचा हे कशावरूनही कळेना. मोडी कागदांचंही तसंच. स्कॅन सुरेख, पण वाचणारं कोण? दप्तर आधी फडक्यात बांधलेलं होतं, आता डिस्कमध्ये बांधलेलं. मोडी शिकणारी तरुण मंडळी वाढतायत हे खरं. दर शनिवारी पाच-सहा जण आमच्याकडे येतात, त्यात एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, ते लिप्यंतर करताना प्रत्येक ओळीमागे "अरेच्चा" म्हणतात. दोन रुमाल त्यांनी पुरे केले. बाकीचे फडताळात वाट बघतायत.

तर, पेटी.

मामांनी ती टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवली. शिसवीची असावी, वीत-दीड वीत लांब, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. झाकण उचललं की आतल्या बाजूला आरसा. त्याचा पारा उडून निम्मा भाग धुरकट झालेला. आत लहान लहान खण. आमच्याकडच्या जुन्या पाहणीत कोणीतरी तिला ‘दागिन्यांची पेटी’ म्हटलं होतं आणि मीही दोन वर्षांपूर्वी तिचं स्थितीपत्रक (वस्तूची अवस्था टिपायचा कागद) भरताना तेच पुढे चालवलं होतं.

आजींनी पेटी बघितली आणि हात मागे घेतले. "हात लावला तर चालंल का?"

मी त्यांना हातमोजे द्यायला निघाले होते. काय वाटलं कोण जाणे, साबणानं हात धुवून, पुसून या म्हटलं. त्या धुवून आल्या, पदराला पुसले, मी काही बोलले नाही.

"दागिन्याची कसली! फणेरपेटी ही," आजी म्हणाल्या. "हितं फणी. हितं करंडा, कुंकवाचा. हितं काजळाची डबी. आणि ह्यात मेण." त्यांनी कोपऱ्यातल्या गोल खणावर बोट ठेवलं. "आधी कपाळाला मेणाचं बोट लावायचं, गोल, आणि त्यावर कुंकू दाबायचं. म्हंजे मग दिवसभर हलत नाही."

नातू मोबाइल खिशात घालून पुढे आला.

ही पेटी त्यांच्या आजीची, आईच्या आईची. मी विचारलं, मग नोंदीत चुलत्यांचं नाव कसं? आजी थोडा वेळ आरशातल्या न धुरकटलेल्या भागाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजोबा गेले. तवा आजी तीसचीपण नव्हती. ही पेटी घरात कशाला ठेवायची म्हणून दिरांनी उचलली. तुमचे कोण साहेब तवा गावात आले होते जुन्या वस्तू मागत, त्यांना देऊन टाकली. आजी माजघरात होती म्हणे. तिला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनं सांगितलं मला. आई तवा सात-आठ वर्षांची, दारात उभी होती."

नोंदवहीत हे ‘भेट’ म्हणून लागलंय. ‘श्री. अमुकअमुक यांजकडून भेट.’

आजींच्या स्वतःच्या कपाळावर बारीकशी काळी टिकली होती. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची चाल बंद करायचा ठराव केला, त्या बातमीचं कात्रण माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. का ठेवलं होतं ते तोवर मला नीट सांगता आलं नसतं.

"बघा," आजी म्हणाल्या. "अजून आहे."

मी वाकून बघितलं. त्या गोल खणाच्या तळाशी काळपट, धूळ बसलेला थर होता. मामांनी टॉर्च तिरका धरला. थराच्या मधोमध एक खळगा होता, गुळगुळीत, कडेला किंचित उतरता. रोज एकाच जागी बोट टेकवून टेकवून पडलेला. आजींनी आपलं बोट त्यावर नेलं, न टेकवता तसंच धरलं, आणि काढून घेतलं.

त्या गेल्यावर मी स्थितीपत्रक काढलं. माझंच अक्षर. ‘कोपऱ्यातील खणात चिकट मळ साचलेला. साफ करावा.’ दोन वर्षं ते काम मागे पडलं होतं, कारण मनुष्यबळ नव्हतं, कारण आधी काठ्या काढायच्या होत्या, कारण पेटीच सापडत नव्हती. मी त्या ओळीवर रेघ मारली, सही केली, तारीख घातली. शेजारी लिहिलं, ‘मळ नाही, मेण. वापरणाऱ्या व्यक्तीच्या बोटाचा खळगा. साफ करू नये.’ मग दाखल नोंदवही ओढली. जुनी ओळ खोडायची नसते, म्हणून तिच्या खाली पेन्सिलीनं आजींनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत उतरवलं, ‘म्हणे’सकट. देणाऱ्याच्या रकान्यापुढे आजीच्या आजीचं नाव लिहायचं होतं. ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

नातवाचा नंबर होता. मी फोन लावला. एसटीचा आवाज येत होता. त्यानं फोन आजींकडे दिला आणि आजी ओरडून म्हणाल्या, "माहेरचं लिहू का सासरचं?"

"दोन्ही सांगा," मी म्हटलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.